वाकड्या टाक्याचं प्रमाणपत्र

माणसाच्या हाताला चुकता येतं, यातच यंत्रापेक्षा त्याचं श्रेष्ठत्व आहे, ही गोष्ट आता सर्व सुसंस्कृत समाजांत मान्य झालेली आहे. (पूर्वी यालाच वेंधळेपणा म्हणत आणि त्याबद्दल कान पिळत. पण पूर्वी बऱ्याच गोष्टींबद्दल कान पिळत.) यंत्र चुकत नाही. ज्याला चुकता येत नाही त्याला मन नसतं, ज्याला मन नसतं त्याची वस्तू स्वस्त असते, आणि स्वस्त वस्तू घरात आणली की चार लोकांत सांगण्यासारखं काही उरत नाही. समाजाचं हे नुकसान टाळण्यासाठी हस्तनिर्मित वस्तू प्रमाणन मंडळाची स्थापना झाली, आणि ती फार योग्य वेळी झाली असंच कोणीही म्हणेल.

मंडळाचं काम सोपं होतं. वस्तू हाताने केलेली आहे की नाही हे ठरवायचं, आणि असेल तर तिच्यावर तपकिरी अंगठ्याची चिठ्ठी लावायची. अंगठा खुद्द अध्यक्षांचा होता. तो एकदाच शाईत बुडवला होता. पुढच्या लाखभर चिठ्ठ्या छापखान्यात छापल्या. मंडळाच्या प्रदर्शनात अंगठ्याशिवाय माल मांडता येत नसे, आणि शहाणीसुरती माणसं अंगठ्याशिवायची वस्तू हातातसुद्धा धरत नसत. हाताची वस्तू ओळखायची कशी, याचेही नियम होते. हात थकतो, हात कंटाळतो, हाताचं लक्ष उडतं. म्हणून खऱ्या हाताच्या वस्तूत दर वितीला निदान तीन दोष नुसत्या डोळ्यांना दिसले पाहिजेत. दोन दिसले तर संशय. एक दिसला तर चौकशी. एकही दिसला नाही तर काय, हे नियमांत नव्हतं, कारण असा प्रसंग येईल असं नियम करणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. तो ज्या बाईंमुळे आला त्यांची ही हकीकत.

बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. मुली पाठीमागे त्यांना उसवबाई म्हणत. एखादी मुलगी दिवसभर खपून झबलं शिवून आणायची, बाई ते घेऊन खिडकीपाशी जायच्या, उलट बाजू वर करायच्या (सुलट बाजू काय, कोणीही गोड करून दाखवतं), टाक्यांवरून नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "उसव." रागाने नाही, लोभाने नाही, पंचांग सांगावं तसं. "छान" हा शब्द त्यांनी वर्गात उच्चारल्याचं कोणालाच आठवत नाही. त्यांच्या हाताखालची एक विद्यार्थिनी पुढे मोठी सर्जन झाली. पहिल्याच ऑपरेशनला शेवटचा टाका घालताना तिला मागून "उसव" असं ऐकू आलं म्हणतात. (रुग्ण बरा आहे.)

बाईंचे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना काटासाहेब म्हणत. तराजूचा काटा केसभर हलला तरी दंड. त्यांना बघून घाबरलेली भाजीवाली मूठभर जास्त टाकायची, तर ते त्याचाही दंड करायचे, कारण जास्त हेसुद्धा चूकच. निवृत्तीनंतर त्यांना मोजायला काही उरलं नाही. ते घरभर फिरत आणि भिंतीवरची चित्रं सरळ करत. चित्रं होती दोन. ती मुळात सरळच होती. त्यामुळे काटासाहेब आधी ती जरा वाकडी करत आणि मग सरळ करत, असा बाईंना दाट संशय होता.

अशा घरात बो-टाय आला तो फॅशनमुळे. एके काळी गळ्यात बो बांधलेला माणूस दिसला की लोक त्याच्याकडे पाणी मागत. मग एकाएकी प्रतिष्ठित मंडळी रंगीबेरंगी कापडांचे बो बांधायला लागली. हॉटेलांत घोटाळे व्हायला लागले. एका बँकेच्या संचालकाला कोणीतरी टेबल पुसायला लावलं म्हणतात. शेवटी वाढप्यांनी बो सोडून दिला आणि तो पूर्णपणे प्रतिष्ठितांच्या ताब्यात आला.

बाईंच्या घराखाली एका शिंप्याचं दुकान होतं. पडद्यांची, झग्यांची, उशांच्या अभ्र्यांची कातरणं तो पोत्यात भरून ठेवायचा. बाईंनी ते पोतं वर आणवलं. पिवळ्यावर निळे ठिपके, पानांत लपलेले पोपट, लाल छत्र्या, लिंबाच्या चकत्या. चांगलं कापड वाया जातंय हे त्यांना बघवत नसे. कापडाची पट्टी कापायची, ताठ राहावी म्हणून आत बकरम घालायचं, कडेने टीप मारून पट्टी उलटवायची, कोपरे सुईच्या टोकाने हलकेच बाहेर काढायचे, मधोमध चुण्या घालून बारीक पट्टीची गाठ गुंडाळायची आणि मागच्या बाजूला टाका असा बुडवायचा की दोऱ्याला स्वतःलाही आपण कुठे संपलो ते कळू नये. सगळं हाताने. मशीन होतं, पण एवढ्याशा कामाला मशीन काढणं म्हणजे डास मारायला तोफ. पोपटांच्या कापडाचा बो केला तर डाव्या पंखावरचा पोपट आणि उजव्या पंखावरचा पोपट बरोबर एकमेकांच्या डोळ्यात बघत असायचे.

लेक एका ऑफिसात नोकरीला होती. तिने दोन-चार बो ऑफिसात दाखवले आणि संध्याकाळी उड्या मारतच घरी आली.

"आई, सगळे वेडे झालेत! आपण मंडळाकडे नमुने पाठवू. एकदा अंगठा मिळाला की प्रदर्शनात टेबल लावू."

"मला कशाला कोणाचा अंगठा?" बाई म्हणाल्या. पण त्यांनी नमुन्यांना इस्त्री मात्र दोनदा केली.

मंडळाचं उत्तर लवकरच आलं. "सादर केलेल्या नमुन्यांतील टाके एकाच लांबीचे व एकाच अंतरावर आढळले. सबब सदर वस्तू यंत्रनिर्मित असल्याचे दिसते. यंत्राचा माल हाताचा म्हणून खपवणे ही समाजाची फसवणूक असून, अर्जदार ज्येष्ठ नागरिक असल्याने तूर्त समज देऊन सोडण्यात येत आहे."

बाईंनी ते एकदा वाचलं, सुईदोऱ्याची डबी पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

मंडळाची कचेरी पाहण्यासारखी होती. तिथली प्रत्येक वस्तू प्रमाणित होती, त्यामुळे खुर्च्या डुगडुगत, दारं लागत नसत, आणि अध्यक्षांचा हाताने घडवलेला चहाचा कप बुडाशी झिरपत असल्याने त्याखाली एक बशी, बशीखाली एक ताटली आणि ताटलीखाली फडकं ठेवलेलं असे. अध्यक्ष मृदू स्वभावाचे गृहस्थ होते. शेजारी एक सदस्यबाई होत्या, त्या अध्यक्षांहून मृदू.

"मी इथेच शिवून दाखवते," बाई म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची डावीकडे कलली. बाईही कलल्या. टाके कलले नाहीत.

अध्यक्ष सुईकडे बघत राहिले. सदस्यबाईंनी वाकून टेबलाखाली मशीन आहे का ते पाहिलं. बो तयार झाला. तो हातोहात फिरला, भिंगाखाली गेला, उजेडात धरला गेला. फक्त चहा ठिबकत होता.

"बाई," अध्यक्ष शेवटी म्हणाले, "तुम्ही हाताने शिवता याबद्दल आता मंडळाला शंका नाही."

"मग झालं तर."

"शंका तुमच्या हाताबद्दल आहे."

"म्हणजे?"

"हा हात थकत नाही, कंटाळत नाही, चुकत नाही. मग त्याला हात का म्हणायचं?"

आणि मंडळाने तिथल्या तिथे ठराव केला, की अर्जदाराचा उजवा हात यंत्रवत चालत असल्यामुळे प्रमाणनाच्या प्रयोजनापुरते त्यास यंत्र समजण्यात यावे. डाव्या हाताबद्दल निर्णय राखून ठेवला. निघताना सदस्यबाईंनी बाईंचा (अजून यंत्र न ठरलेला) हात हातात घेतला आणि कळवळून म्हटलं, "थोडं चुकून बघा ना हो. जमेल तुम्हाला. स्वतःवर विश्वास ठेवा."

बाईंनी चुकून बघितलं. मनाशी पक्कं ठरवून एक टाका लांब घातला. हाताने आपणहून पुढचा टाका आखूड घेऊन हिशेब जुळवला. पुन्हा एक वाकडा घातला आणि तो तसाच टोचून ठेवून त्या जेवायला बसल्या, तर तिसऱ्या घासाला उठल्या, हात धुतले, तो टाका उसवला आणि मग येऊन पोटभर जेवल्या.

काटासाहेबांना मात्र या प्रकाराने मनस्वी चीड आली. "मापात असणं हा गुन्हा कधीपासून झाला? आण इकडे सुई. चूकच पाहिजे ना त्यांना? मी देतो चूक. खात्यात असतो तर त्यांच्या त्या गळक्या कपाला आधी सील ठोकलं असतं!"

त्यांनी आयुष्यात सुई धरलेली नव्हती. सुईत दोरा ओवायलाच बाईंना बोलवावं लागलं. पोपटांचं कापड, बकरम आणि स्वतःच्या विजारीची कड एकत्र शिवून झाल्यावर त्यांना उठता येईना. विजार सोडवली. जे उरलं त्याचा एक पंख दुसऱ्याच्या दीडपट होता, गाठ घसरून गळ्याऐवजी खांद्याकडे निघाली होती, आणि डाव्या पोपटाला उजव्या पोपटाचं फक्त शेपूट दिसत होतं.

"बघ," ते अभिमानाने म्हणाले, "याला म्हणतात निषेध."

बाईंनी तो हातात घेतला. उलट केला. आणि काहीएक न बोलता टेबलावर ठेवला. "उसव" म्हणण्यासाठीसुद्धा मुळात काहीतरी शिवलेलं असावं लागतं.

लेकीने मात्र तो बो गुपचूप मंडळाकडे पाठवून दिला. आठवडा उलटायच्या आत अध्यक्षांचा स्वतःचा फोन आला. काटासाहेबांना अंगठा तर मिळालाच, वर 'विशेष श्रेणी' मिळाली. वितीमागे तीन दोषांची अट असताना त्यांच्या कामात अकरा सापडले होते, आणि बारावा दोष आहे की शैली यावर मंडळात अजून वाद चालू होता.

इथून काटासाहेब कलाकार झाले. ही अवस्था माणसाला फार लवकर मानवते. त्यांनी केस कापणं सोडलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. टाका सुटून राहिलेल्या भोकाला अध्यक्षांनी 'श्वास' असं नाव दिलं आणि भरकटलेल्या टिपेला 'प्रवास'. तेव्हापासून काटासाहेबही "आज दोन श्वास जास्त घेतले" असं म्हणायला लागले. ऑर्डरी येत राहिल्या. कापड बाई कापत, बकरम बाई लावत, दोरा बाई ओवत, इस्त्री बाई करत. मधलं बिघडवायचं काम तेवढं काटासाहेब करत. मालासोबत जाणाऱ्या कागदावर लेकीने छापून घेतलं : 'कलाकार : बाबा. साहाय्य : आई.' बाईंनी तो कागद वाचला आणि विचारलं, "साहाय्यला काना दोन कशाला लागतात गं?" त्या दिवशी कात्री जरा जोरात चालली.

आणि हळूहळू काटासाहेबांचं बिनसायला लागलं.

सगळं जग वाहवा करत होतं. मोठमोठी माणसं त्यांचे बो मानेला तिरके लावून मिरवत होती. मंडळाच्या पाहणीनुसार दहापैकी नऊ ग्राहकांना सरळ टाका पाहून एकटं वाटत असे आणि काटासाहेबांचा टाका पाहून धीर येत असे. (दहावा शिंपी होता.) पण रोज दुपारी चहा झाला की काटासाहेब नवा बो बायकोपुढे धरत.

"कसं झालंय गं?"

"लोकांना आवडतंय ना? मग झालं तर."

"तुला कसं वाटतंय ते विचारतोय."

"मला कशाला विचारता? माझा हात यंत्र आहे."

आणि बाई दुसऱ्या बो-टायला इस्त्री करायला लागत. काटासाहेबांनी जन्मभर लोकांची मापं काढली होती. आपलं माप घेणारी व्यक्ती घरातच आहे आणि ती मापायलाच तयार नाही, हे त्यांना आतून खायला लागलं. कौतुक नको, पण निदान "उसव" तरी म्हणावं! परक्यांच्या पोरींना म्हणायची, मला नाही?

मग बाई दुपारी आडव्या झाल्या की काटासाहेब आपलाच टाका आपण उसवायला लागले. उसवायचं, पुन्हा घालायचं. बाई कशा सुई धरतात ते त्यांनी चोरून बघितलं. दोरा किती लांब घेतात, गाठ कशी लपवतात, कापड हातात फिरवतात की हात कापडाभोवती. मुळात डोळा काट्याचा होता. फक्त हाताला ते माहीत नव्हतं, ते एकदाचं कळलं.

पहिला माल परत आला तेव्हा लेकीला वाटलं पत्ता चुकला असेल. सोबतची चिठ्ठी वाचून तिने डोक्याला हात लावला. ग्राहकाने लिहिलं होतं, "पूर्वीसारखी भावना जाणवली नाही. दोन्ही पंख सारखे आहेत."

"बाबा! हे काय केलंत?"

"कुठे काय? जरा सुधारतोय."

"सुधारताय?" लेक किंचाळली. "आपलं सगळं त्यावर चाललंय आणि तुम्ही सुधारताय?"

काटासाहेबांची सुधारणा थांबवण्यासाठी घरात जे जे उपाय झाले ते नमुनेदार होते. त्यांचा चष्मा काढून घेतला. त्यांना डाव्या हाताने शिवायला लावलं. लेक त्यांना खड्ड्यांच्या रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसवून शिवायला लावायची आणि शेवटच्या थांब्यावरून परत आणायची. ऐन टाक्याच्या वेळी त्यांना वाईट बातम्या सांगून पाहिल्या. "बाबा, तुमचं पेन्शन बंद झालं म्हणे!" असं ती अचानक ओरडे. सुरुवातीला टाका दचकायचा. मग काटासाहेब दचकायचे पण टाका दचकायचा नाही. महिनाभरात त्यांचा डावा हात उजव्याइतका सरळ चालायला लागला. हात एकदा शिकला की विसरत नाही, ही शरीरशास्त्रातली एक गंभीर उणीव आहे.

या सगळ्यात बाई कुठेच पडत नसत. पण परत आलेला तो पहिला बो त्यांनी कोणाचं लक्ष नसताना खिडकीपाशी नेला होता. उलट बाजू वर केली होती. मग सुलट केली होती. पुन्हा उलट. लाल छत्र्यांचं कापड होतं; छत्रीच्या काड्या जोडाच्या जागी बरोब्बर जुळल्या होत्या. त्या बराच वेळ तिथे उभ्या होत्या. स्वयंपाकघरातून दूध उतू जाण्याचा आवाज आला तरी उभ्या होत्या.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि मंडळाला कुणकुण लागली. विशेष श्रेणीच्या कलाकाराची घसरण होत असल्याच्या तक्रारींची दखल घेऊन अध्यक्ष आणि सदस्यबाई प्रत्यक्ष पाहणीसाठी घरी आले. अध्यक्षांनी आपली खुर्ची सोबत आणली होती, कारण घरातल्या खुर्च्या डुगडुगत नव्हत्या आणि त्यांना त्यावर बसून विचार सुचत नसत.

लेकीने बाबांना आतल्या खोलीत नेऊन हात जोडले. "फक्त आजचा दिवस. एक पंख मोठा, एक लहान. एवढं करा. बाकी तुमचं आयुष्यभर सरळ शिवा, मी काही म्हणणार नाही."

"बरं," काटासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

ते बाहेर येऊन बसले. बाईंनी कापड कापून दिलं, पोपटांचंच. बकरम लावून दिलं. सुई ओवून दिली. काटासाहेबांनी पहिला टाका घातला, मुद्दाम लांब. अध्यक्ष समाधानाने मागे रेलले. दुसरा टाका वाकडा. सदस्यबाई म्हणाल्या, "आहाहा." लेकीने श्वास सोडला.

काटासाहेबांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. बाई भिंतीकडे बघत होत्या.

काटासाहेबांनी सुईचं टोक घातलं आणि ते दोन्ही टाके उसवले.

"बाबा!" लेक म्हणाली.

"थांब गं." आणि मग ते शिवायला लागले. घाई नाही, खिडकीबाहेर बघणं नाही, श्वास नाही, प्रवास नाही. जाड भिंगाच्या चष्म्याआड डोळे बारीक करून, जीभ दातांत धरून, जन्मात पहिल्यांदा एखादा काटा दोन्ही बाजूंना सारखा करून दाखवायचा असल्यासारखे. पट्टी उलटवली. कोपरे काढले. चुण्या घातल्या. गाठ बसवली. शेवटचा टाका बुडवला आणि दोरा तोडला. तो बो त्यांनी अध्यक्षांकडे दिला नाही. बाईंकडे दिला.

"कसं झालंय?"

बाई खिडकीपाशी गेल्या. उलट बाजू वर केली. टाक्यांवरून बोट फिरवलं, मग परत फिरवलं. अध्यक्षांची खुर्चीसुद्धा डुगडुगायची थांबली.

"मी शिवला असता," बाई म्हणाल्या, "तर असाच शिवला असता."

"हेच तर दुर्दैव आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

काटासाहेबांना ते ऐकू गेलं नाही. ते नाक शिंकरत होते आणि सर्दी झाल्याचं सांगत होते. बाईंनी तो बो त्यांच्या गळ्याला लावला. ते धुवट बनियनवर होते, त्यामुळे फार शोभा आली नाही, पण पोपट एकमेकांच्या डोळ्यात बघत होते.

विशेष श्रेणी त्याच दिवशी रद्द झाली. अंगठ्याच्या उरलेल्या चिठ्ठ्या मंडळाने मोजून परत घेतल्या. सदस्यबाई जाताना म्हणाल्या, "तुम्ही दोघंही आमच्या स्मरणात राहाल," आणि ठरावात दोघांची नावं एकत्र घातली : अर्जदार दांपत्याचे चारही हात यंत्र समजण्यात यावेत. (बाईंच्या डाव्या हाताचा प्रलंबित निर्णयही यात निकाली निघाला.)

कलाकार गेल्यामुळे बाजारात वाकड्या बोंची टंचाई झाली. पण समाजाची गरज कधी अडून राहत नाही. एका कापडगिरणीच्या मालकाने परदेशातून एक यंत्र आणवलं. ते दर काही टाक्यांनी अडखळतं, अधूनमधून एक टाका सोडतं आणि प्रत्येक बोचा एक पंख मोठा काढतं; कुठला, ते दर वेळी वेगळं. त्याने नमुने मंडळाकडे पाठवले. वितीमागे अकरा दोष! अध्यक्ष गिरणीत गेले, यंत्राला अडखळताना त्यांनी स्वतः पाहिलं आणि त्यांना भरून आलं. जे थकल्यासारखं, कंटाळल्यासारखं, लक्ष उडाल्यासारखं चालतं ते हातच होय, असा निर्वाळा मंडळाने दिला. यंत्राला विशेष श्रेणी मिळाली. प्रदर्शनात मधलं टेबल मिळालं. सत्काराच्या वेळी यंत्राला दोन शब्द बोलायची विनंती करण्यात आली, तेव्हा ते जरा अडखळलं, आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं.

लेकीला त्याच गिरणीत चांगली नोकरी लागली. माल वाकडा नसेल तर बाजूला काढायचा, एवढंच काम.

बाई आणि काटासाहेब आता प्रदर्शनाच्या दिवसांत हॉलच्या बाहेर, फाटकाशेजारी टेबल टाकून बसतात. अंगठा नाही, पाटी नाही. दोघं शेजारी बसून शिवतात आणि भांडतात. "हा टाका केसभर लांब आहे," बाई म्हणतात. "केसभर नाही, अर्धा केस," काटासाहेब म्हणतात आणि उसवतात. विक्री म्हणाल तर यथातथाच. पण दोघांची तब्येत ठणठणीत आहे आणि डॉक्टरांना याचं कारण सापडत नाही.

गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. नाही म्हणू नका. बाईंची नजर अजून चांगली आहे. पिवळ्यावर निळ्या ठिपक्यांचा बो तुम्ही उचललात, कडेवरून हळूच बोट फिरवलंत, "अगदी सुबक आहे हो," म्हणालात. मग जरा थांबून, अगदी सौजन्याने विचारलंत, "मशीनचा आहे ना?" काटासाहेब तोंड उघडणार, तोच बाई "हो" म्हणाल्या, कारण त्यांना तुमचं मन मोडवेना. तुमचा चेहरा कसा मोकळा झाला! तुम्ही बो खाली ठेवलात आणि आत गेलात. आतून बाहेर पडताना तुमच्या पिशवीत अंगठ्याची चिठ्ठी लावलेला एक बो होता, आणि तुम्ही सोबतच्या माणसाला सांगत होतात, की हाताच्या वस्तूला जी ऊब असते ती असतेच.

तो बो बांधून आरशासमोर उभे राहाल तेव्हा तो एका बाजूला झुकेल. सरळ करत बसू नका. तो तसा झुकावा म्हणून फार महागडी यंत्रसामग्री बसवलेली आहे.